कमिशन ओळीनुसार काढावे की बिलाच्या एकूण रकमेवर?

प्रश्न:
भांड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी मी पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून विक्रीचे वेब ॲप तयार करत आहे. प्रतिनिधीला किमतीवर ७.५ टक्के कमिशन मिळते. ४९९ रुपयांच्या वस्तूवर ते ३७.४२५ रुपये येते, म्हणून ओळीत ३७.४३ छापले जाते. परंतु अशा तीन ओळींची बेरीज ११२.२९ होते आणि १,४९७ रुपयांच्या बिलावर थेट काढलेले कमिशन ११२.२८ येते. एका प्रतिनिधीने महिन्याचा तक्ता कॅल्क्युलेटरवर पडताळून हा एक पैसा दाखवून दिला. कोणता आकडा ग्राह्य धरावा? किंमत आणि कमिशन हे दोन्ही कॉलम सध्या फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) आहेत.

उत्तर १:
ओळीनुसार काढलेलाच ग्राह्य धरावा, असे माझे ठाम मत आहे. तीनपैकी एक वस्तू परत आली, तर त्या ओळीचे नेमके ३७.४३ रुपये वजा करता येतात. बिलावर एकत्रित काढलेल्या कमिशनमधून एका वस्तूचा वाटा वेगळा करताना तोच पैसा पुन्हा आडवा येतो. एकूण कमिशन म्हणजे साठवलेल्या ओळींची बेरीज, तिथे नव्याने टक्केवारी लावू नये.

फ्लोट मात्र आजच काढून टाका. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ही संख्या टूफिक्स्ड या फंक्शनने दोन दशांशांपर्यंत आणली, तर १.०१ ऐवजी १.०० मिळते, कारण संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत ती नेमकी मावत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा: ४९९०० गुणिले ७५ भागिले १००० म्हणजे ३७४२.५, आणि शेवटी एकदाच पूर्णांकन करून ३७४३ पैसे.

उत्तर २:
४९९ रुपयांत जीएसटी धरलेला आहे का, हे आधी करारात पाहावे. समजा कर ५ टक्के आहे, तर करपूर्व मूल्य ४७५.२४ आणि कमिशन ३५.६४ रुपये होते. म्हणजे प्रत्येक वस्तूमागे १.७९ रुपयांचा फरक, जो तुमच्या एका पैशाहून कितीतरी गंभीर आहे. शिवाय कमिशनचा दर ऑर्डरच्या ओळीतच नोंदवून ठेवा. तो केवळ उत्पादनाच्या टेबलात राहिला, तर दर बदलताच मागील महिन्यांचे तक्तेही बदलतील.

प्रश्नकर्ता:
करार पाहिला, कमिशन करपूर्व मूल्यावरच ठरलेले आहे. आधीच्या तक्त्यांतील जास्तीची रक्कम कशी दुरुस्त करावी?

उत्तर २:
जुन्या ओळींना हात लावू नका. फरकाची ऋण नोंद चालू महिन्यात, मूळ बिलाच्या क्रमांकासह करा, म्हणजे वजावट कशाची आहे हे प्रतिनिधीला तक्त्यातच दिसेल.