मदत हवी आहे: बॅटरी गळलेला ३८६चा मदरबोर्ड, सफाईनंतरही सहा बीप

नमस्कार. वडिलांच्या कराडमधील टंकलेखन संस्थेत १९९३ साली घेतलेला संगणक गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढला. एएमडीचा ४० मेगाहर्ट्झचा ३८६डीएक्स प्रोसेसर आणि एएमआय कंपनीचा बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) असलेल्या या बोर्डावर, कळफलकाच्या गोल सॉकेटला अगदी खेटून, पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बसवलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना हिरवट-पांढरी पूड जमली होती, आणि तिथून सुमारे दीड इंचापर्यंत बोर्डावरचा मुलामा काळवंडून फुगला होता.

दुरुस्तीचा खटाटोप ज्यासाठी चालला आहे ते म्हणजे याच संगणकातले पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे, डॉसमध्ये देवनागरी दाखवणारे जिस्ट कार्ड. ते आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेतच बसते, त्यामुळे आजच्या नेहमीच्या बोर्डांवर ते चालवता येत नाही. फ्लॉपींवरचा इस्की (भारतीय लिप्यांसाठीची जुनी संकेतपद्धत) मजकूर कार्डाशिवायही युनिकोडमध्ये आणता येतो, हे मला ठाऊक आहे; परंतु डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझा हट्ट वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आतापर्यंत केलेले काम असे. बॅटरी कापून काढली. आतला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अर्थात आम्ल नव्हे तर अल्कली, म्हणून खाण्याचा सोडा न वापरता पांढरे व्हिनेगर दातांच्या ब्रशने लावले. पुडीतून थोडे बुडबुडे आले, ते थांबेपर्यंत तीन वेळा हाच प्रकार केला, मग गॅरेजमध्ये मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने बोर्ड धुतला आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन दिवस वाळवला. खडबडीत झालेला मुलामा खरवडल्यावर चार ट्रॅक (तांब्याच्या वाहक रेघा) तुटलेले आढळले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या बारीक एनॅमलच्या तारेने ते जोडून घेतले.

आता वीज दिली की सहा बीप वाजतात आणि पडदा कोराच राहतो. एएमआयच्या संकेतांनुसार सहा बीप म्हणजे कळफलकाचा नियंत्रक, म्हणजे ८०४२ चिप, किंवा तिच्यातून जाणारी ए२० रेषा (एक मेगाबाइटच्या पुढची मेमरी खुली करणारी). ही चिप सॉकेटात आहे आणि बॅटरीपासून जेमतेम दोन बोटांवर आहे. दुसऱ्या बोर्डावरची चिप लावून पाहिली तरी फरक पडला नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूने टाक्यांवर (सोल्डरच्या जोडांवर) मल्टिमीटर लावला तर सर्व जोडण्या वाजतात, म्हणजे अखंड असल्याचे दाखवतात. एका दुरुस्तीवाल्यांनी बोर्ड हातातही न घेता भंगारात द्यायला सांगितले. आणखी कुठे पाहावे, आणि बॅटरीच्या जागी काय बसवावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

बोर्ड बीप देतो ही मोठी जमेची बाजू आहे, कारण प्रोसेसर आणि बायोस यांचा संवाद चालू असल्याशिवाय सहा बीप वाजूच शकत नाहीत. बहुतेक बोर्डांवर बायोसची चिप आणि ८०४२ एकाच डेटा मार्गावर असतात. त्यामुळे बायोसपर्यंतचा मार्ग ठीक मानून फक्त तिथून ८०४२ पर्यंतचा तुकडा तपासावा. बायोस २८ पायांचा असेल, तर ८०४२ चे १२, १३, १४ हे पाय अनुक्रमे त्याच्या ११, १२, १३ शी, आणि १५ ते १९ हे त्याच क्रमांकाच्या पायांशी जुळायला हवेत. त्यानंतर पाय ४ वरचा रीसेट, २ आणि ३ वरचे क्लॉक, आणि ए२० साठी पाय २२ पाहावा.

मात्र आपले मोजमाप मला अपुरे वाटते. मागचा टाका हा सॉकेटचा आहे, चिपचा नाही. चिप बसवलेली असताना तिच्या पायाच्या वरच्या वळणावर टोक अलगद टेकवावे, दाबू नये. दाबले की गंजलेला संपर्कही वाजतो आणि आपण फसतो. मी स्वतः एका २८६ वर आठवडा याच कारणाने घालवला आहे.

बॅटरीबाबत एक कळकळीची सूचना: सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा सेल) थेट लावू नये. मूळ बॅटरी चार्ज करण्याची व्यवस्था बोर्डावर आहे, आणि लिथियमचा हा सेल चार्ज झाल्यास फुटू शकतो. मालिकेत एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकावा, शॉटकी असल्यास उत्तम, कारण त्यात व्होल्टेज कमी पडते. त्याहून बरे म्हणजे तीन पेन्सिल सेलचा होल्डर, तोही डायोडसह, पण तारेने बोर्डापासून दूर ठेवलेला, म्हणजे पुन्हा गळती झाली तरी कॅबिनेटचा पत्राच खराब होईल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण सांगितल्याप्रमाणे अलगद टेकवून पाहिले. पाय १७ वाजत नाही, १४ कधी वाजतो, कधी नाही. चिप काढून भिंगातून पाहिले, तर सॉकेटच्या १७व्या खाचेतली पत्ती निम्मी उरली आहे आणि तळाशी निळसर पूड आहे. सॉकेट काढावे लागणार हे उघड आहे, पण गंजलेल्या टाक्यांवरचे सोल्डर वितळतच नाही. जोर लावला तर भोकातला तांब्याचा नळा उपटून येईल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद

जोर लावूच नये. सॉकेटचे प्लॅस्टिक कटरने तुकडे करून आधी काढून टाकावे, म्हणजे पत्त्या सुट्या उरतील. टाक्यांवरचा काळा थर ब्लेडने खरवडून भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे द्रव्य) लावावा आणि जुन्या टाक्यात ताजे ६०/४० सोल्डर मिसळावे. ते मिसळले की जुनेही वितळते. मग एकेक पत्ती चिमट्याने, वजन न देता उचलावी. सॉकेटखाली दडलेला गंज आता प्रथमच दिसेल, तेव्हा नवे सॉकेट बसवण्याआधी तिथेही व्हिनेगर लावून बोर्ड पुन्हा धुवावा. १७ क्रमांकाचा नळा तरीही निघून आलाच, तर नव्या सॉकेटच्या पायापासून थेट बायोसच्या १७व्या पायापर्यंत तार ओढावी.