काउंटरवरची मुलगी हसली नाही म्हणून

सिंहगडरोडवाली
कालपासून एक पोस्ट फिरतेय, इथेही दोघांनी आणून टाकली. बर्लिनला सहा वर्षं राहून आलेले एक गृहस्थ पुण्यातल्या सुपरमार्केटात बिलाला उभे राहिले. काउंटरवरच्या मुलीने वर बघितलं नाही, नमस्कार केला नाही, पावती हातात कोंबली. म्हणजे आपल्याकडचं सौजन्य मेलं म्हणे. खाली बदामांचा पाऊस. गप्प बसणार होते, पण रात्री झोप लागेना.

मी 3 वर्षं बिलिंगला होते. रविवार, संध्याकाळचे सात, महिन्याचा पहिला आठवडा. ट्रॉलीत खाली तांदूळ, वर तेलाचे पाउच, त्याच्यावर भेंडी. भेंडीच्या पिशवीवर वजनाचं स्टिकर नाही. "मागे जाऊन वजन करून आणा" म्हटलं की गिऱ्हाईक असं बघतं जणू मी त्यांची किडनी मागितली. ते जातात, येताना दोन साबणही घेऊन येतात, आणि तोवर मागची रांग माझ्या नावाने खडे फोडते.

दुसरा प्रकार फोनवाल्यांचा. "पिशवी हवीय का?" विचारलं की हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर. थांब. बिल निघालं, पैसे झाले, मग फोन ठेवून, "अगं, पिशवी नाही दिलीस?" तिसरा प्रकार मॉर्निंग वॉकवाल्यांचा. चड्डीच्या खिशातली घामाने ओली पाचशेची नोट, तीही मी हात पुढे केलेला असताना बाजूला काउंटरवर टाकलेली. उचल आणि वाळव. रात्री गल्ला कमी भरला तर आमच्याकडून वसूल. एकदा 340 रुपये माझे गेले. कुठे चूक झाली ते आजही माहीत नाही.

तेव्हा ती मुलगी वर बघत नाही, कारण तिचे डोळे स्क्रीनवर असतात. एक वस्तू दोनदा वाजली तर तुम्हीच पोस्ट टाकणार, "लुटतात". तुम्ही तिच्याकडे बघितलं होतंत का, एवढंच सांगा.

परत_आलो
ती पोस्ट माझी आहे. तुमचे कष्ट मान्य, पण मुद्दा निसटतोय. बर्लिनमध्येही कॅशिअर काही हसत बसत नाही. उलट वस्तू अशा वेगाने पुढे सरकवते की आपली पिशवी भरता भरता दमछाक होते, कारण भरायची आपणच. पण सुरुवातीला "हालो" आणि शेवटी "श्योनन टाग नोख", म्हणजे दिवस छान जावो. गिऱ्हाईकही तेच परत म्हणतं. चार शब्द. त्याला ना पगार लागतो ना वेळ.

सिंहगडरोडवाली
ती बसलेली असते का उभी?

परत_आलो
बसलेली. त्याचा काय संबंध?

सिंहगडरोडवाली
नऊ तास उभं राहून बघा, मग संबंध सांगते.

चहापोहे
जर्मनीचं कौतुक जरा जपून हं. वॉलमार्टने तिथे अमेरिकन पद्धतीने दारात हसून स्वागत वगैरे करून पाहिलं होतं, जर्मनांना ते विचित्रच वाटलं. 2006 मध्ये गाशा गुंडाळला. कारणं दहा असतील, पण हसू कामी आलं नाही हे नक्की.

निवृत्त_रोखपाल
मी 34 वर्षे बँकेत कॅशवर काढली. रोजचे दोनशे-अडीचशे लोक. प्रत्येकाकडे बघून नोटा दिल्या. त्यामुळे थकव्याचे कारण मला सांगू नये. खरी गोष्ट अशी की या मुलांना हिशेबच येत नाही. 87 रुपये झाले, मी 107 दिले. मुलगा सात रुपये मला परत करतो आणि म्हणतो, "काका, हे जास्तीचे आलेत." वीसची नोट द्यायची हे त्याला उमजेना. शेवटी 13 रुपयांऐवजी 12 आणि एक चॉकलेट. मला मधुमेह आहे.

सिंहगडरोडवाली
काका, तुम्ही आधी शंभर दिलेत की आधी सात? खरं सांगा. बहुतेक जण शंभरची नोट देतात, आम्ही मशिनमध्ये 100 मारतो, 13 परत द्या असं येतं, आणि मग हे खिशातून सात काढतात. मागे पंधरा माणसं. चॉकलेटचं मात्र तुमचं बरोबर. ते आम्हालाही आवडायचं नाही, सुट्टे वरूनच मिळायचे नाहीत.

निवृत्त_रोखपाल
आधी शंभरच दिले होते. पण बँकेत असताना मला मशिनची गरज पडत नसे.

चहापोहे
आणि काका, बँकेत तुम्ही खुर्चीवर, लोक उभे. इथे उलटं आहे असंही नाही, इथे दोघंही उभे. केरळात 2018 मध्ये आणि तामिळनाडूत 2021 मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, नोकरांना बसायला सोय दिलीच पाहिजे म्हणून. केरळातलं तर कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या सेल्सवाल्या बायकांनी भांडून मिळवलंय. आपण इथे "हसल्या का नाहीत" यावर चर्चा करतोय.

नंबर_देणार_नाही
सौजन्य गेलं खड्ड्यात. मोबाईल नंबर का मागतात ते आधी सांगा! दूध आणि पाव घ्यायला नंबर? ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं होतं की नंबरचा आग्रह धरू नका. तरी रोज तेच. मी सरळ दहा वेळा नऊ सांगतो. आणि पिशवीचे पैसे! चंदीगडच्या ग्राहक मंचाने 2019 मध्ये 3 रुपयांच्या पिशवीपायी एका चपलांच्या कंपनीला 9,000 भरायला लावले होते. असे चार निकाल लागले की सौजन्य आपोआप येईल.

सिंहगडरोडवाली
दहा वेळा नऊवाले तुम्हीच का! तो नंबर सिस्टीमला आधीच पडलेला असायचा, नाव भलत्याच बाईंचं यायचं आणि आम्ही हसायचो. नंबर मागायला आम्हाला सांगितलेलं असतं, किती घेतले ते मोजतात. "देत नाही" एवढं म्हणा, आम्ही पुढे जातो. भाषण नको.

अवेळी_पाऊस
मला एक वेगळंच बोलायचंय. वय 41. परवा बिलाला उभी होते. काउंटरवरचा मुलगा, असेल सव्वीस-सत्तावीसचा, अर्धे केस पिकलेले, मला म्हणतो, "काकू, पिशवी आणलीय का?" काकू? मी याची काकू कधी झाले? ते सौजन्य असेल तर मला नको. मॅडम म्हणा, नाही तर काहीच म्हणू नका.

मिरजेचं_पाहुणं
काकू म्हणाला तर एवढं काय बिघडलं ओ. आमच्याकडं वयानं थोरली दिसली की काकी, वैनी, आक्का. मान देऊन बोललंय पोरगं.

अवेळी_पाऊस
"थोरली दिसली की" हेच तर!

वऱ्हाडी_ठेचा
इकडे नागपुरात सगळ्याले भाऊ अन् ताई. वय पाहाची गरजच नाही. पुण्यावाल्यायनं शिकून घ्या.

परत_आलो
मूळ विषयावर येऊ या का?

अवेळी_पाऊस
तुमचा चार शब्दांचा विषय संपला. मला सांगा, तुम्हाला तिथे कुणी काका म्हणालं का?

पदराआड
काकूवरून एवढा राग, मग मावशीचं काय? घरकाम करणाऱ्या बाईंना आपण सगळेच मावशी म्हणतो, पोळ्यावाल्या मावशी, झाडूवाल्या मावशी. आणि सोसायटीतली शेजारीण मात्र काकू. दोघी एकाच वयाच्या असल्या तरी. तेव्हा त्या मुलाने तुम्हाला काकू म्हणून वरच्या पायरीवर बसवलंय, एवढं समजून घ्या.

अवेळी_पाऊस
हे मी कधी म्हणाले? माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी नावाने, 'ताई' लावून हाक मारते. उगाच जातीपातीचा रंग देऊ नका.

पदराआड
जात मी काढलीच नव्हती. तुम्ही काढलीत.

मिरजेचं_पाहुणं
आता पेटलं.

निवृत्त_रोखपाल
आमच्या आईच्या गटात हा प्रश्नच नव्हता. ग्राहक पंचायतीचे सामान महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी उतरायचे, बायका स्वतः मोजून वाटून घ्यायच्या. काउंटर नाही, मॅडम नाही, काकू नाही.

चहापोहे
आणि डाळ कमी आली म्हणून त्याच बायका दोन-दोन महिने एकमेकींशी बोलायच्या नाहीत. माझी आई त्याच गटातली असावी.

सिंहगडरोडवाली
सगळे आपल्याला काय म्हणतात यावर भांडतायत. आम्हाला काय म्हणतात ते कुणी विचारलं? माझ्या छातीवर नावाची पाटी होती, इंग्रजीत आणि मराठीत. 3 वर्षांत मला "ओ", "हॅलो", "शुक शुक", "एक्सक्यूज मी" आणि एकदा टिचकी. माझ्याएवढ्याच मुलीने टिचकी वाजवली. मी टिचकीकडे बघितलंच नाही, मग तिने मॅनेजरला बोलावलं.

परत_आलो
मग नावाने हाक मारावी, पाटी त्यासाठीच असते.

पदराआड
पुरुषांनी नका मारू. माझी बहीण कापडाच्या शोरूममध्ये आहे. पाटी वाचून नावाने हाक मारणारे, "वा, नाव छान आहे" म्हणणारे, आणि मग त्याच नावाने फेसबुकवर शोधणारे. तिने पाटी ओढणीखाली घ्यायला सुरुवात केली तर दंड.

सिंहगडरोडवाली
हे खरंय. लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. नावाने एकदाच कुणीतरी हाक मारली होती आणि तो तसलाच होता. 'ताई' पुरे.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे मी पहिलेच म्हणलो होतो ना बे.

नंबर_देणार_नाही
काल नंबर द्यायला नकार दिला. मुलगी म्हणाली, "ठीक आहे." एवढंच. मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो, सगळी तयारी वाया गेली.

अवेळी_पाऊस
मी 'मॅडम'वर ठाम आहे. पण फोनवर बोलत बिल करण्याचं मीही करते, ते वाचून जरा टोचलं. पंजा मात्र कधी दाखवला नाही. निदान आठवत तरी नाही.

सिंहगडरोडवाली
दाखवणाऱ्यांना आठवत नाहीच.

अवेळी_पाऊस
धन्य आहात.

परत_आलो
मी अजूनही म्हणतो, चार शब्दांनी कुणाचं काही जात नाही. पण टीका झाली म्हणून आज संध्याकाळी मुद्दाम त्याच दुकानात गेलो. फोन खिशात. भाजीवर स्टिकर. माझी पाळी आली तसं बघून "नमस्कार" म्हणालो. मुलीने आधी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय ते बघायला. मागे कुणी नव्हतं. मग म्हणाली, "मोबाईल नंबर सांगा."

सिंहगडरोडवाली
दिलात?

परत_आलो
दिला.

नंबर_देणार_नाही
कठीण आहे.