नाल्याच्या पाण्यावरचं रान, कॅडमियम आणि बायोचार. कुणी वापरलंय का?

मळेकरी२०: नमस्कार मंडळी, आमचं २० गुंठे काळं रान कारखान्यांच्या खालच्या अंगाला आहे, वडिलांपासून नाल्याला मोटर लावून पालक, मेथी, कोथिंबीर काढतोय. मुलीच्या कॉलेजात माती तपासली तर कॅडमियम आणि शिसं हे दोन्ही विषारी धातू जास्त, पीएच ८.१ म्हणजे माती आंबट नाही, उलट अल्कधर्मी. तेव्हापासून घरचीच भाजी ताटात आली की घास उतरत नाही, मग बाजारात तरी कशी नेऊ? कुणी म्हणतं बायोचार (कमी हवेत जाळून केलेला काडीकचऱ्याचा कोळसा) टाका, धातू धरून ठेवतो. खरंय का? किती टाकायचा?

मातीवाला: दादा, धरून ठेवतो हे खरं, पण काढून टाकत नाही. धातू रानातच राहतात, फक्त पाण्यात विरघळून मुळांपर्यंत जातात तो भाग कमी होतो. त्यामुळे एकूण धातूचा रिपोर्ट नंतरही जवळपास तोच येणार, तुम्ही डीटीपीए टेस्ट करा, म्हणजे मुळांना मिळू शकणारा धातू किती ते कळेल, आणि भाजीची पण करा, खरं उत्तर तिथेच मिळतं. आता तुमच्या रानाची अडचण सांगतो. बायोचारमध्ये राख असते, तिने पीएच वाढतो आणि कॅडमियम, शिसं अडकायला त्याची मोठी मदत होते, म्हणून कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत फरक जास्त दिसतो. तुमचा पीएच आधीच ८.१, तेवढ्या फरकाची आशा धरू नका. आणि नाल्याचं पाणी चालू ठेवून काहीही टाकलंत तरी वरून भर पडतच राहणार, ते आधी बंद करा.

पऱ्हाटी_यवतमाळ: आम्ही बायोचार पऱ्हाट्यांचा म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा करतो. वर रुंद खाली निमुळता खड्डा, थोड्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, असं करत खड्डा भरला की भरपूर पाणी मारून विझवायचं, नाहीतर रात्रीत सगळी राख होते. वरच्या सहा इंच मातीत १ टक्का म्हणजे गुंठ्याला साधारण २०० किलो लागतो, २० गुंठ्यांना ४ टन, एवढा घरी होणं अवघड आहे भाऊ, दोन गुंठ्यांत करून बघा. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात जाळू नका, त्यातूनही धातू येऊ शकतात.

मातीवाला: बरोबर. आर्सेनिक पण तपासून घ्या, पीएच वाढला की ते उलट सुटं होतं.

शेवंती_ताई: दादा, पालेभाजीच कॅडमियम जास्त ओढते. तोवर झेंडू, शेवंती घ्या ना, पोटात तर जात नाही.

मळेकरी२०: ताई, पटलं. पालक कालच मोडला. आता १८ गुंठे झेंडू, पाणी शेजारच्या विहिरीचं, तेही तपासायला दिलंय. उरलेल्या दोन गुंठ्यांत अर्ध्यात बायोचार, अर्धं तसंच, दोन्हीकडे पालक, फक्त टेस्टसाठी, विकणार नाही. बायोचार शेणखतात मुरवून टाकू का नुसता?

पऱ्हाटी_यवतमाळ: मुरवूनच, नुसता टाकला तर सुरुवातीला पिकाचं नत्र ओढतो. पण मग बिनबायोचारच्या अर्ध्यातही तेवढंच शेणखत घाला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.