मदत हवी आहे: हायस्कूलच्या लायब्ररीत शिक्षकांना कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवते. आमचे ग्रंथपाल रिटायर झाले, ती जागा अजून भरली नाही, म्हणून जूनपासून लायब्ररीचा चार्ज माझ्याकडे आलाय. वर्गावरचे तास आहेत तेवढेच आहेत, पण हे काम मला मनापासून आवडतंय.

पुस्तकं चांगली आहेत हो. शब्दकोश, चरित्रं, विज्ञानाची पुस्तकं, किशोर मासिकाचे बांधून घेतलेले अंक, सगळं आहे पण काचेच्या कपाटात कुलूप लावून. पुस्तक गहाळ झालं की दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) बघून चार्ज असणाऱ्यालाच विचारतात, त्यामुळे कुलूप का लागलं ते कळतं मला, पण मुलाला पुस्तकाचं नाव आधीच माहीत असेल तरच ते मागणार ना? चार पानं उलटून बघितल्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कुणाला कळलंय. त्यात निम्मी पोरं एसटीनं येतात, शाळा सुटली की स्टँड गाठायचं असतं, म्हणजे जे काय व्हायचं ते शाळेच्या वेळेतच. वाचन तास आठवड्याला एक, तोही कोणी रजेवर असलं की बदली तासाला जातो, आणि दिवाळीनंतर दहावीचा तर गणित-सायन्सवाले मागूनच घेतात.

तरी मुलं येतात, मधल्या सुट्टीत दारात उभी असतात. येत नाहीत ते शिक्षक, आणि माझा प्रश्न त्याबद्दलच आहे. प्रकल्प देताना "शाहू महाराजांची माहिती लिहून आणा" एवढंच सांगतात, मग मोबाईलवर जे पहिलं दिसेल ते पोरं उतरवून काढतात, अख्ख्या वर्गात एकच मजकूर. अहो आपण कोल्हापूरचे! १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश एका गटाला, त्यांनी काढलेली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, दुसऱ्याला, राधानगरी धरण तिसऱ्याला, आणि दोन पुस्तकांत काय वेगळं लिहिलंय ते शोधून आणा असं सांगितलं तर पोरं किती रमतील. शिक्षकांनी फक्त आधी कळवलं तरी मी पुस्तकं काढून टेबलावर मांडून ठेवीन. स्टाफरूममध्ये हे कसं मांडू, म्हणजे मी त्यांचं काम वाढवतेय असं वाटणार नाही? आणि पुस्तकांची नोंद कॉम्प्युटरवर करायची तर कशात करू?

राजारामपुरीकर: ताई, मी शाळेतच ग्रंथपाल होतो. सगळी कपाटं एकदम उघडू नका. एक रॅक मोकळा ठेवा, त्यावर गोष्टी, चरित्रं, मासिकं, आणि त्याला हेडसरांची लेखी परवानगी घ्या. फाटलेल्या, गहाळ पुस्तकांचं निर्लेखन करायची, म्हणजे ती रजिस्टरमधून रीतसर कमी करायची पद्धत असते, तुमच्या संस्थेत ती कशी आहे ते हेडक्लार्कना विचारून घ्या म्हणजे निम्मी भीती जाईल. नोंदीसाठी लायब्ररीची सॉफ्टवेअरं मिळतात, सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा पण फुकट आहे, पण ती चालू ठेवायला जाणकार माणूस लागतो. तुम्ही एक्सेलनं सुरुवात करा: दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, कपाट. पुस्तकाच्या पाठीवर ड्युईचे आकडे, म्हणजे विषयवार वर्गीकरणाचे नंबर चिकटवा, ५०० विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. एवढं आठवीच्या पोरांना एका तासात कळतं आणि मग पुस्तकं जागेवर लावायला तीच येतात बघा.

सायन्सवाला मास्तर: मॅडम, आम्ही येत नाही कारण लायब्ररीत आमच्या कामाचं काय आहे तेच माहीत नसतं, आणि कपाटं धुंडाळायला ऑफ तास मिळतोय कुठं. मला कुणी सांगितलं की नववीच्या दुर्बिणींच्या धड्याला हे पुस्तक, अमुक पानापासून अमुक पानापर्यंत वाचा, तर मी त्याच दिवशी घेऊन जाईन. पान नंबर सगळ्यात महत्त्वाचा. आणि पुस्तक वर्गात न्यायची मुभा द्या, दहा-बारा पुस्तकं एका पिशवीत, तासानंतर मॉनिटर परत आणून देईल.

वाचनवेडी: किशोर १९७१ पासून निघतंय, जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. शाळेत प्रोजेक्टर असेल तर वाचन तासाला लावा, अंक झिजायची काळजी नाही. दहावीच्या इतिहासात ऐतिहासिक ठेव्यांचे जतन हा धडा आहे, त्यात ग्रंथालयं आणि अभिलेखागारं (जुनी कागदपत्रं जपून ठेवायच्या जागा) येतात. त्यावेळी पोरांना करवीर नगर वाचन मंदिरात नेता येईल का ते विचारून बघा, १८५० पासूनची संस्था आहे आणि आपल्याच गावात. इतिहासाच्या शिक्षिका तुम्हीच, म्हणजे सुरुवात तुमच्या तासापासूनच होईल.

धागाकर्ती: लय उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं पान नंबराचं एकदम पटलं. पहिल्यांदा नववी सायन्स आणि दहावी इतिहास, या दोनच विषयांची धड्यावार यादी करते, सहामाहीच्या आत. आता एवढंच सांगा, यादी स्टाफरूमच्या बोर्डवर लावू की ज्याच्या त्याच्या हातात देऊ? आणि नववी सायन्सला मराठीतून कुठली पुस्तकं वर्गात खरोखर चाललीत, ती कुणी वापरली असतील तर नावं टाका, या वर्षीच्या खरेदीच्या यादीत घालते.