गावातून नुकतीच गेलेली माणसे : आपापल्या आठवणी लिहाव्यात

सीनाकाठ (मोहोळ तालुका)

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील पहाऱ्यांची यादी या वर्षी नव्याने करावी लागली, कारण जुन्या यादीतील रात्रीच्या पहाऱ्यांवर ज्यांची नावे होती त्यांपैकी बहुतेक मंडळी गेल्या चार-पाच वर्षांत एकामागून एक निघून गेली. प्रत्येकाचा फलक वेशीवर लागला. त्यावर छायाचित्र, दशक्रियाविधीची वेळ आणि शोकाकुल नातेवाइकांची लांबलचक नावे होती. परंतु त्या माणसाने आयुष्यभर काय केले, याबद्दल एकही ओळ नव्हती. ती ओळ लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे. घरच्यांना विचारलेले नसते, म्हणून कोणाचेही नाव लिहू नये. काम मात्र तपशिलाने लिहावे, ही विनंती.

सुरुवात आमच्या अण्णांपासून करतो. मध्यरात्रीनंतरचा वीणेचा पहारा त्यांचा असे. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते आणि पुढचा माणूस आल्याखेरीज गळ्यातून उतरवायची नसते, त्यामुळे तो पहारा घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही. अण्णांनी तो आपणहून मागून घेतला होता. पुढचा पहारेकरी झोपून राहिला तरी ते त्याला उठवायला कोणाला पाठवत नसत. उजाडेपर्यंत स्वतःच उभे राहत.

परंतु गावात त्यांची खरी ओळख होती ती चाड्यावरची मूठ. रब्बीची ज्वारी पेरताना पाभरीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यात बी सोडणारा हात चुकला, तर कुठे दाट आणि कुठे विरळ असे रान उगवते आणि ते हंगाम संपेपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. आमच्याकडे ही ज्वारी हस्ताच्या सुमारास पेरली जाते आणि पुढे पाऊस आला नाही तरी काळ्या रानातल्या ओलीवर ती पोसते, म्हणून बी नेमके ओलीत पडणे फार महत्त्वाचे असते. अण्णा पेरणीपूर्वी पायाच्या अंगठ्याने माती उकरून ओल किती खोल गेली आहे हे पाहत आणि त्यानुसार पाभरीवर दाब ठेवायला सांगत. मालदांडी 35-1 हा ज्वारीचा वाण आमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला, याचा त्यांना विलक्षण अभिमान होता. इतका, की लग्नासाठी आलेल्या परक्या पाहुण्यांनाही ते तो इतिहास सांगत असत. त्यांनी किती जणांच्या रानात मूठ धरली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ट्रॅक्टरवरची पेरणी यंत्रे आल्यावर त्यांना बोलावणे हळूहळू थांबले. त्याबद्दल ते कधी तक्रार करत नसत, तरी पेरणीच्या दिवसांत त्यांचा जीव घरात रमत नसे आणि ते कोणाच्या ना कोणाच्या बांधावर जाऊन उभे राहत.

मंगळवेढ्याची लेक

वाचताना डोळे भरून आले. माझ्या माहेरच्या सुईण आजी मागच्या उन्हाळ्यात गेल्या, त्यांच्याबद्दल लिहिते.

आमच्या पिढीतील निम्म्याहून अधिक माणसांच्या कागदोपत्री जन्मतारखा 1 जून आहेत, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणालाच सांगता येत नसे आणि गुरुजी वय मोजून 1 जून लिहून टाकत. खरा दिवस सुईण आजींना विचारावा लागे. त्या तारीख सांगत नसत. "तुझी आई खडी फोडायला जात होती, तिथंच कळा सुरू झाल्या," एवढे त्या सांगत, आणि त्यावरून 1972 च्या दुष्काळातील कामांची आठवण जुळवून घरातली माणसे महिना काढत असत. 1993 सालच्या गणेश विसर्जनाची रात्र सरून पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या आमच्या शेजारच्या वस्तीवर एका बाळंतिणीपाशी बसलेल्या होत्या. भांडी पडू लागल्यावर सर्वजण बाहेर पळाले. आजी हलल्या नाहीत. त्या मुलाला सारे गाव आजही भूकंपाच्या दिवसावरूनच ओळखते आणि सबंध वर्गात त्याच्या एकट्याचीच जन्मतारीख खरी आहे.

पुढे दवाखान्यातच बाळंतपण करावे असा आग्रह सुरू झाला. आजींनी त्याला विरोध केला नाही, ही गोष्ट मला त्यांच्याविषयी सर्वांत मोठी वाटते. जीप आली की त्या स्वतः पुढे होऊन बसत आणि रस्ताभर बाईचा हात धरून ठेवत. एका दवाखान्यात त्यांना दाराबाहेर थांबायला सांगून नीट उत्तरही दिले गेले नव्हते, तरीही पुढच्या वेळी त्या तितक्याच तत्परतेने निघाल्या. त्यांच्या मातीला जमलेल्यांत बायकांची संख्या पुरुषांहून अधिक होती आणि आमच्याकडे असे फार क्वचित पाहायला मिळते.

उजनीपार (करमाळा)

आमच्या भागातील वृद्ध माणसे जातात तेव्हा त्यांच्याबरोबर एक एक गावही जाते, कारण ती गावे आता भीमेच्या पाण्याखाली आहेत आणि ती कशी होती हे केवळ त्यांच्याच ध्यानात होते. उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याआधीच माणसे उठून वरच्या अंगाला आली, काही दूरच्या पुनर्वसित गावठाणांत गेली.

आमचे थोरले चुलते गेल्या पावसाळ्यात वारले. धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरले, की जुनी देवळे, वाड्यांच्या भिंती, दगडी पायऱ्या उघड्या पडतात आणि शहरातील माणसे छायाचित्रे काढायला गर्दी करतात. चुलते अशा वेळी घरातल्या मुलांना घेऊन गाळातून चालत जात आणि कोणाचे घर कुठे होते, ओढा कुठून यायचा, कोणत्या लिंबाखाली पंगत बसायची, हे काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवत. मोबदला किती मिळाला आणि कधी मिळाला, याविषयी त्यांच्या मनात राग होता व तो त्यांनी कधी लपवला नाही. मात्र खालच्या भागातील उसाला आणि सोलापूर शहराला पाणी मिळते, याचा आनंदही त्यांना होता आणि या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात बोलत. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेले, तेव्हा त्यांना चालवत नव्हते. माझ्या भावाने फोनवरून चित्रण दाखवले आणि त्यांनी अंथरुणावरूनच त्याला डावीकडे वळ, आणखी पुढे जा, असे सांगत आमच्या घराच्या जोत्यापर्यंत नेले. भावाने त्या दिवशी सबंध गावठाणाचा नकाशा कागदावर उतरवून घेतला. ज्यांच्या घरी धरणग्रस्त वडीलधारी माणसे अजून आहेत त्यांनी एवढे एक काम याच आठवड्यात करावे.

मंगळवेढ्याची लेक

नकाशाची कल्पना फारच मोलाची आहे. त्यावर केवळ घरे न दाखवता विहिरींची नावेही लिहून घ्यावीत, असे सुचवते.

उजनीपार (करमाळा)

विहिरींची नावे लिहिली आहेत. दोन विहिरींबाबत घरातच मतभेद आहे. आत्याला विचारून दुरुस्त करतो.

कुर्डुवाडी जंक्शन

माझे वडील नव्हेत, परंतु वडिलांसारखे असलेले शेजारचे तात्या हिवाळ्यात गेले. ते बार्शी लाइटच्या रुळांवर गँगमन होते. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूरला जाणारी ही अडीच फुटी गाडी होती आणि तिचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला होता, ही माहिती आम्हाला पाठ्यपुस्तकाआधी तात्यांकडून मिळाली. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन ते नेमून दिलेल्या अंतरात रोज पायी फिरत, सैल झालेली खीळ ठोकत, रुळाखालची खडी सारखी करत. आषाढीच्या दिवसांत गाड्यांच्या टपांवरही वारकरी बसलेले असत. त्या काळात तात्या रजा घेत नसत, कारण एवढी माणसे ज्या रुळावरून जाणार तो रूळ आपण स्वतः पाहिलेला असावा, असे त्यांचे म्हणणे असे. स्वतः माळकरी असूनही नोकरीत असेपर्यंत त्यांना पायी वारी घडली नाही. निवृत्तीनंतर मात्र धर्मपुरीला माउलींची पालखी जिल्ह्यात आली की ते तिथून पंढरपूरपर्यंत चालत आणि वाखरीचे रिंगण झाल्याशिवाय कोणाशी घरच्या गोष्टी बोलत नसत.

सीनाकाठ (मोहोळ तालुका)

आमची आजी त्या गाडीने बार्शीला भगवंताच्या दर्शनाला जात असे. तात्यांसारख्या माणसांचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता, हे वाचून जाणवले. आपल्या शेजारधर्मालाही नमस्कार.

अक्कलकोट सीमा

आमच्या वाड्यातील अव्वा गेल्या मार्गशीर्षात लिंगैक्य झाल्या, म्हणजे वारल्या. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणे आमच्याकडे सर्रास आहे. परंतु मोहोळ, माढ्याकडून लग्न होऊन आलेल्या सुनांना पहिले वर्ष फार जड जाते, कारण सासूचे रागावणेही कळत नाही आणि कौतुकही कळत नाही. अव्वा अशा प्रत्येक सुनेला दुपारच्या वेळी शेंगा फोडायला बोलावून घेत आणि कामात काम म्हणून घरातली कानडी शिकवत. मी त्यांच्याकडेच शिकले. पहिल्यांदा माझ्या सासूबाईंना मी कानडीत उलट प्रश्न विचारला, त्या दिवशी सासूबाईंनी अव्वांच्या घरी गूळ पाठवला होता.

येळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, त्यांच्या शेतात पांडवांची पूजा झाल्यावर जेवायला कोण येणार, याची यादी कधीच नसे. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, शेंगापोळी हे सारे डोक्यावरून पाटीत नेले जाई आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारली जाई. त्यांच्या भज्जीत तुरीचे व वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि मिळतील त्या सर्व भाज्या असत. ताकात कालवलेले बेसन त्या शेवटी घालत आणि तोवर कोणालाही चुलीजवळ येऊ देत नसत. या वर्षी त्यांच्या मुलीने तशीच पंगत घातली. चव जवळजवळ तीच होती, आणि तसे आम्ही तिला जेवतानाच आवर्जून सांगितले.

माणदेशी (सांगोला)

आमच्या तालुक्यातून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजी गेले. त्यांच्या साधेपणाविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिले जाणे योग्यच होते. परंतु त्यांच्या सभेसाठी गावोगावी सायकलवरून निरोप देणारे आमच्या गल्लीतील मामा त्यानंतर काही महिन्यांनी गेले, तेव्हा त्यांच्याविषयी कोणीही लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

मामा घोंगड्या विणत. खड्ड्यातील मागावर पाय सोडून बसायचे आणि दिवसभर धोटा फेकायचा, असे ते काम. सूत मामी कातत असत. घोंगडी मागावरून उतरली की तिला चिंचोक्याची खळ लावून वाळवावी लागे. त्या खळीचा वास आमच्या सबंध गल्लीला असे. जेनची चौकशी करत कोणी गिऱ्हाईक आले, तर मामा आधी त्याला वापर विचारत. मेंढपाळाला पावसात पांघरायची असेल तर वीण निराळी, देवाला घालायची असेल तर निराळी. विकत घेणाऱ्याजवळ पैसे कमी असतील तर घोंगडी देऊन टाकत आणि सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जनावर विकले गेले की पैसे आणून दे, असे सांगत. बहुतेकांनी आणून दिले.

अक्कलकोट सीमा

जेन म्हणजे वर्षाच्या आतील मेंढराची पहिली लोकर ना? आमच्याकडे ती फार मऊ मानतात.

माणदेशी (सांगोला)

होय, कोकराची पहिली कातरणी. मामांनी विणलेली तशी एक घोंगडी आमच्या घरी आहे आणि ती आम्ही बाळंतिणीसाठीच काढतो.

पांढरीचा पार

मला फार लिहिता येणार नाही. आमच्या गावचे कोतवाल करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या उन्हाळ्यात गेले. त्याआधीचे कित्येक आठवडे ते घरोघर सूचना देत होते आणि ज्यांच्या घरचे सर्वजण आजारी होते त्यांच्या दारात दळण व औषधे ठेवत होते. ज्या मृतांना खांदा द्यायला कोणी पुढे येत नव्हते त्यांच्यासाठी लाकडे त्यांनी रचली. त्यांच्या स्वतःच्या वेळी आम्ही कोणीच जाऊ शकलो नाही. कडू घासही नेता आला नाही. नंतर ग्रामसभेत शोकप्रस्ताव झाला, पण तो त्या वर्षी गेलेल्या सर्वांसाठी मिळून एकच होता. त्यांच्यासाठी स्वतंत्र ठराव व्हावा, असा अर्ज मी या महिन्यात दिला आहे.

मंगळवेढ्याची लेक

अर्ज दिलात हे फार योग्य केलेत. ठराव झाल्यावर येथे अवश्य कळवावे.

माढ्याचा मळा

आमच्या मळ्यात सालाने राहिलेल्या दादांना मुलेबाळे नव्हती, म्हणून त्यांचा फलकही लागला नाही. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर ते माण नदीच्या बाजूने आले, सुकडी खाऊन दिवस काढले आणि काम संपल्यावर आजोबांबरोबर आमच्याकडे आले, ते शेवटपर्यंत राहिले. बैल आजारी पडला तर ते गोठ्यातच झोपत. मोटेवरची गाणी त्यांना येत होती. त्यांतली दोन माझ्या फोनमध्ये आहेत. मळ्यातील चिकूची सर्व झाडे त्यांनी घागरीने पाणी घालून जगवलेली आहेत. त्यांचा दहावा माझ्या आईने घातला. पुरुषाने करायचा विधी बाईने कसा केला, असे दोघा-तिघांनी विचारले. आईने त्यांना उत्तर दिले नाही आणि मला तिचे ते करणे पूर्णपणे पटले.

दादा आपल्या मूळ गावाचे नाव कधी घेत नसत. गावाबाहेर ओढ्यावर म्हसोबा आहे आणि त्याच्यासमोर दोन जुळ्या बाभळी आहेत, एवढेच ते सांगत. एक धाकटी बहीण होती, असेही एकदा म्हणाले होते. सांगोला, आटपाडी किंवा माणदेशातील कोणी हे वाचत असेल आणि असे ठिकाण ओळखीचे असेल, तर कृपया येथे लिहावे. बहीण हयात असल्यास त्यांच्या आवाजातली ती दोन गाणी आईला तिच्यापर्यंत पोहोचवायची आहेत.