ईसीजी नॉर्मल, तरी धडधड

सव्वीस वर्षांच्या एका मुलाला छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल आलाय, असा प्रश्न इथे आलाय. ईसीजी नॉर्मल म्हणजे सगळे मनाचे खेळ, असं त्यावर दोघा-तिघांनी लिहिलंय. इतकं सोपं नाहीये ते. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. नेमकी तेव्हाच धडधड नसेल तर तो बिचारा काय दाखवणार? रोज त्रास होत असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावायचा का, ते डॉक्टरांना विचारा. सोबत हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी). (मुलींना 'टेन्शन घेऊ नकोस' सांगण्याआधी तर हिमोग्लोबिन बघाच.)

सुरुवात कशी होते तेही महत्त्वाचं. घाबरल्यावर ठोके बहुधा चढत जातात, हळूहळू उतरतात. बटण दाबल्यासारखे एकदम १६०-१८० वर गेले आणि तसेच खटकन थांबले, तर एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या विद्युत यंत्रणेतल्या बिघाडाने ठोके अचानक वाढण्याची, शंका घ्यावी. त्यातही जीव घाबरतोच, म्हणून पॅनिक अटॅकचा शिक्का चटकन बसतो.

माझ्या भाचीचे रिपोर्ट मात्र खरंच चांगले होते. पण सारखी स्मार्टवॉचवर नाडी बघायची. ९५ दिसले की घाबरायची, की लगेच ११०! डॉक्टरांनी आधी घड्याळ उतरवायला लावलं, मग सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत). एनर्जी ड्रिंक बंद. बरीच सावरली.

धावताना चक्कर येणं, शुद्ध हरपणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर इथे विचारत बसू नका, हृदयरोगतज्ज्ञांना गाठा. नुसती चिंताच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.