मदत हवी आहे: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या दुकानांचे भाडेकरू

नमस्कार मंडळी. महालात आजोबांचं शिलाईचं दुकान होतं. शेजारी कोण कोण बसायचं, हे शोधतोय. नगर भूमापनच्या आखीव पत्रिकेत (प्रॉपर्टी कार्डात) मालकाचं नाव मिळतं, भाडेकरूचं नाही, आणि दुकानं तर बहुतेक पगडीची, म्हणजे मालकाला आगाऊ रक्कम देऊन भाड्याने घेतलेली. मला हवी आहेत ती दुकान चालवणारी माणसं! एका जुन्या फोटोत शेजारच्या पाटीवर फक्त ‘...आणि मंडळी, घड्याळ दुरुस्ती’ एवढंच वाचता येतं.

1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं; त्या काळातले दुकान परवाने इथेच असतील की भोपाळला गेले? कुणाकडे जुनी बिलं, भाडेपावत्या, लग्नपत्रिकांवरचे पत्ते असतील तर कृपया फोटो टाका. घरातल्या म्हाताऱ्यांनाही एकदा विचारा ना.